बाणाईपासून पुढच्या भागापर्यंत

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, नाशिक जिल्ह्यातील ओझरला खंडेराव महाराजांची, म्हणजे खंडोबाची, यात्रा भरते. बाणगंगेच्या काठचे हे गाव भंडाऱ्याने पिवळे होते, बारागाड्या ओढल्या जातात, येळकोटाचा गजर होतो. बाहेरच्या जगाला मात्र हे गाव विमानांमुळे माहीत आहे. १९६४ साली येथे मिग विमानांचा कारखाना आला आणि गावाला ‘ओझर मिग’ हेच नाव चिकटले. मिग-२१ नंतर सुखोई-३० येथे तयार झाले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. मिलिमीटरच्या अंशाचा हिशेब ठेवणारी माणसे आणि रात्रभर देवाच्या प्रेमाची गाणी ऐकणारी माणसे या गावात वेगवेगळी नाहीत. बहुतेक वेळा ती एकाच घरात राहतात, कित्येकदा तर ते एकच माणूस असते. म्हणून अद्भुतरम्य प्रेमकथेच्या वेडाचा विचार ओझरपासून सुरू करणे मला योग्य वाटते. हे वेड अर्धशिक्षितांचे, रिकामटेकड्यांचे किंवा अलीकडच्या मोबाइलचे आहे, हा समज येथे पहिल्या पावलालाच अडखळतो.

ओझरहून मुंबई-आग्रा महामार्गाने पिंपळगाव, चांदवड मागे टाकत निघाले, की ऐंशीएक किलोमीटरवर मालेगावजवळ चंदनपुरी लागते. लोकपरंपरेत हे बाणाईचे गाव. कथा मराठी माणसाला ठाऊक आहे, तरी तिचे सांधे पुन्हा पाहण्यासारखे आहेत. खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो आणि पणाप्रमाणे घर सोडून बारा वर्षांसाठी निघतो. चंदनपुरीला येऊन धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहतो. जेजुरीचा धनी येथे मेंढरे वळतो, वाडगे झाडतो. एक दिवस धुवायला नेलेली मेंढरे तो आपटून मारतो आणि लग्नाचे वचन मिळाल्यावर भंडारा टाकून जिवंत करतो. मग बाणाईला घेऊन जेजुरीला येतो, आणि तिथे म्हाळसेचा संताप उसळतो. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. दोघींच्या भांडणात जात येते, जेवण येते, पोशाख येतो, घरातले स्थान येते. रा. चिं. ढेरे यांनी ‘खंडोबा’ या ग्रंथात या दैवताचा पसारा मांडला. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आयुष्यातील बरीच वर्षे घातली. मणि-मल्लाच्या वधाची कथा संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’त आहे, पण बाणाईच्या प्रेमाचा सगळा रंग मुख्यतः वाघ्या-मुरळीच्या आणि धनगरांच्या गाण्यांतला आहे. पोथीने युद्ध सांभाळले आणि लोकांनी प्रेम सांभाळले, असे म्हणायला हरकत नाही.

हे प्रेम कुठे गायले जाते, याकडे नीट पाहिले पाहिजे. ज्यांचे कुलदैवत खंडोबा आहे, त्या घरांत लग्नानंतर जागरण घालतात. अंगणात चौक भरतात, त्यावर पाच उसांचा किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव उभा करतात, दिवटी पेटते, खंजिरी आणि घाटी वाजू लागते. समोर नवरा-नवरी बसलेली असतात. त्यांचे लग्न बहुतेक वेळा स्थळ आले, पत्रिका पाहिली, मुलगी दाखवली, पसंती कळवली, बोलणी झाली, याच क्रमाने ठरलेले असते. आणि त्यांच्या नावाने रात्रभर जी कथा गायली जाते, तिच्यात देव जात ओलांडतो, सासऱ्याच्या दारी चाकर होतो आणि स्वतःला सिद्ध केल्यावरच त्याला होकार मिळतो. ज्या समाजाने लग्नातली निवड इतक्या काटेकोरपणे वडीलधाऱ्यांच्या हाती ठेवली, त्याच समाजाने लग्नाच्या विधीला जोडूनच निवडीचे एक महाआख्यान गायला लावले. हा योगायोग नाही. अद्भुतरम्य प्रेमकथेच्या वेडाचे मूळ येथे आहे, असे माझे म्हणणे आहे. वाचणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला ओढतो तो चमत्कार नव्हे. ओढते ती उलटलेली पाहणी. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी ट्रे घेऊन येते आणि तिची परीक्षा होते. या कथांत परीक्षा पुरुषाची होते, आणि तो पुरुष जितका सामर्थ्यवान, तितकी ती परीक्षा मोलाची ठरते. तो देव असतो, राजा असतो किंवा अमर योद्धा असतो, तो याचसाठी. शेजारच्या गावातला बरा शिकलेला मुलगा वाडगे झाडू लागला, तर ती सोयरीक होते. मार्तंड भैरव, म्हणजे खुद्द खंडोबा, झाडू लागला, की कथा होते.

झी मराठीवर २०१४ ते २०१७ या काळात चाललेल्या ‘जय मल्हार’ या मालिकेने हे पुन्हा दाखवून दिले. महेश कोठारे यांच्या संस्थेची ही निर्मिती. देवदत्त नागे खंडोबा झाले, सुरभी हांडे म्हाळसा, ईशा केसकर बानू, म्हणजे बाणाई. संगणकाने उभारलेले देवलोक आणि राक्षस त्यात पुष्कळ होते, पण घरोघरी बोलणे व्हायचे ते म्हाळसा आणि बानू यांचे. यावर आक्षेप येईल की ती भक्ती होती, तिला प्रेमकथेचे वेड म्हणणे अनुचित आहे. मी भक्ती नाकारत नाही. पण भक्तीसाठी देवळात जाता येते आणि तळी भरता येते. बानूला जेजुरीच्या वाड्यात जागा मिळते की नाही, यासाठी दुसऱ्या दिवशीच्या भागाची वाट पाहणे हे काम भक्तीबरोबर आणखी कशाने तरी केलेले असते. देवाच्या कथेत ते मिसळले, म्हणून ते कमी होत नाही.

मराठी कादंबरीच्या पहिल्याच पिढीने या ‘आणखी कशाचे’ निदान केले होते, आणि ते निदान आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली. त्याच दशकात नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. राजपुत्र, राजकन्या, उद्याने, दरोडेखोर, ताटातूट आणि पुनर्भेट यांनी भरलेली ही कथानके त्या काळी तुफान वाचली गेली. रिसबुडांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत आपण अद्भुताकडे का वळलो, याचे कारण दिले. त्यांचा मुद्दा असा, की आपल्या लोकांची विवाहाची रीत आणि इतर काही कारणे यांमुळे हिंदूंच्या आयुष्यात चित्त वेधून घेईल असे काही घडतच नाही. रोजच्या अनुभवातले लिहावे तर मन रमणार नाही, म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहायचा तर अद्भुत हाती घ्यावे लागते. वाङ्मयेतिहासात हे विधान बहुधा लेखकाची पळवाट म्हणून उद्धृत होते. मला ते समाजशास्त्रीय निरीक्षण वाटते आणि त्याचा पुरावा त्या काळातच आहे. आठव्या-दहाव्या वर्षी मुलीचे लग्न होत असेल, तर भेट, ओढ, शंका, कबुली, नकार यांना आयुष्यात जागाच कुठे? पती दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर १८८४ साली दावा केला, तो अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाच्या जोरावर. नांदायला जा किंवा तुरुंगात जा, असा हुकूम १८८७ साली झाला, तेव्हा रखमाबाईंनी तुरुंग पसंत असल्याचे सांगितले. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला आणि त्याने वय दहावरून बारावर नेले, एवढ्यासाठी महाराष्ट्र ढवळून निघाला. अशा काळात वयात आलेली, लिहिता-वाचता येणारी, स्वतः प्रेमात पडणारी नायिका दाखवायची, तर तिला कुठल्या तरी कल्पित नगरीची राजकन्या करण्यावाचून गत्यंतर नव्हते. सदाशिव पेठेत तिला उभे करायला जागा नव्हती.

रिसबुडांचे म्हणणे त्या काळापुरते खरे होते, आता मुली शिकल्या, कमावू लागल्या, मग हे वेड का टिकले, असा प्रश्न येईल. उत्तर आकड्यांत आहे. नॅशनल काउन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च आणि मेरीलँड विद्यापीठ यांनी केलेल्या भारतीय मानवविकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत देशातील आंतरजातीय लग्नांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. आदिवासी किंवा दुष्काळी भागाकडे बोट दाखवून हे आकडे झटकता येत नाहीत. शिकलेल्या, पगारदार घरांतही मुलीच्या निवडीची चौकट पोटजात, पगार आणि पत्रिका यांनी आधीच आखलेली असते, हे कोणत्याही विवाह मंडळाच्या यादीतल्या अपेक्षांचा रकाना वाचला की दिसते. निवड वाढली आहे, हे निश्चित. पण तिचे रेशनिंग संपलेले नाही. जोवर ते चालू आहे, तोवर उलट्या पाहणीची कथा लागणारच.

आज जगभर अद्भुतरम्य प्रेमकथांचा जो पूर आला आहे, तो पाहिला तर ही उलटी पाहणी अधिकच स्पष्ट दिसते. अमेरिकन लेखिका रिबेका यारोस यांच्या मालिकेतील ‘ऑनिक्स स्टॉर्म’ हा भाग जानेवारी २०२५ मध्ये आला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या २७ लाखांहून अधिक प्रती गेल्या. या मालिकेच्या ‘फोर्थ विंग’ या पहिल्या पुस्तकातील नायिकेला ग्रंथालयाच्या शांत कामात जायचे असते, पण सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या जीवघेण्या विद्यालयात धाडते. घराने ठरवलेली वाट आणि तिच्यातून स्वतःचे माणूस, स्वतःचे बळ शोधणे, याहून मराठी मुलीला ओळखीचे कथाबीज कोणते असेल? सारा जे. मास यांच्या २०१५ पासून सुरू झालेल्या मालिकेत आणखी धीट गोष्ट घडते. पहिल्या पुस्तकात ज्याच्यासाठी नायिका प्राणांवर उदार होते, तो नायक दुसऱ्या पुस्तकात तिच्या रक्षणाच्या नावाखाली तिला घरात कोंडतो, आणि ती त्याला सोडून जाते. वाचकांनी ते पुस्तक डोक्यावर घेतले. पहिली निवड चुकली, तर ती बदलता येते, एवढी साधी गोष्ट सांगायला परींचे राज्य लागले, याची मला खंत वाटते. पण ती सांगितली गेली, याचे मोल त्याने कमी होत नाही.

अशा कथांनी मुलींची डोकी बिघडतात, हा आक्षेप नवा नाही. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहिला आणि त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची असंभाव्यता कठोरपणे दाखवून दिली. मराठ्यांचा निबंध आजही वाचावा असा आहे, कारण त्यांचे अनेक वार बिनचूक आहेत. कथानके योगायोगांवर चालतात, पात्रे एकसुरी आहेत, देश-काळाचा पत्ता नाही, हे खरेच होते. त्या टीकेनंतरच्या वातावरणात हरिभाऊ आपट्यांचे वास्तव आले, ‘पण लक्षात कोण घेतो?’ आली आणि विधवेच्या दुःखाला मराठीत आवाज मिळाला. मराठी साहित्याचे ते भाग्य. पण त्यातून एक अन्यायही झाला. वास्तव म्हणजे गंभीर आणि अद्भुत म्हणजे पोरकट, अशी वाटणी पक्की झाली. नाथमाधव यांची ‘वीरधवल’ १९१३ साली आली, पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथालयांतून वाचली गेली, शंभर वर्षांनंतरही छापली जाते. तिच्याविषयी समीक्षेत जेवढे लिहिले गेले, ते तिच्या वाचकसंख्येच्या मानाने नगण्य आहे. आपट्यांचे वास्तव दुःख दाखवू शकत होते. त्या दुःखाच्या पलीकडचे जग दाखवणे वास्तवाच्या आवाक्यात नव्हते, कारण ते जग अस्तित्वातच नव्हते. काशीबाई कानिटकर यांनी ते ओळखले. १८६१ साली जन्मलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या, सासरी आल्यावर लिहिणे-वाचणे वाढवलेल्या या बाईंनी ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध केली. तिच्यात एक कल्पित संस्थान आहे, त्याचा कारभार स्त्रियांच्या हाती आहे आणि कायदे स्त्रियांच्या बाजूने आहेत. ती प्रेमकथा नव्हे, हे मान्य. पण कल्पित राज्य हे स्त्रीच्या हाती आले, की काय होऊ शकते, याचा तो मराठी दाखला आहे. तो आपल्या अभ्यासक्रमांत अजून पुरेसा आलेला नाही.

याहून अवघड आक्षेप जॅनिस रॅडवे यांच्या १९८४ च्या ‘रीडिंग द रोमान्स’ या ग्रंथातून निघतो. अमेरिकेतल्या एका गावातील प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी रॅडवे बोलल्या. त्या स्त्रियांनी सांगितले, की पुस्तक हाती घेतले, की तेवढा वेळ आपला असतो. नवरा-मुले समजून घेतात, की आता हिला हाक मारायची नाही. घरातल्या सगळ्यांची काळजी वाहणाऱ्या बाईची काळजी त्या वेळात कथा वाहते. रॅडवेंनी हे आस्थेने नोंदवले आणि पुढे शंकाही घेतली: घरातली जी उणीव बाईने घरातच मागायला हवी, ती कादंबरीत भरून निघाली, तर मागणी कधी होणार? ही शंका आपल्याकडे अधिक टोकदार होते. जागरणात बाणाईचे प्रेम गाणाऱ्या मुरळ्या या देवाला वाहिलेल्या मुली असत. गाणे निवडीचे आणि गाणारीला निवड नाही. मुली वाहण्याची प्रथा मोडली ती कायद्याने आणि चळवळीने, गाण्याने नव्हे. हे मी निर्विवाद मान्य करतो. कथा कायद्याचे काम करीत नाही. तरीही मागणी करण्याआधी काय मागायचे, हे ठाऊक असावे लागते. ज्या मुलीने कुणालाच नम्रपणे विचारताना, थांबताना, नकार ऐकून घेताना पाहिलेले नाही, तिला ते शक्य आहे हे प्रथम कुठून कळणार? कथा ते कळवते. त्यापुढचे काम समाजाचे आहे आणि ते न झाल्याचा दोष कथेच्या माथी मारणे सोपे असले, तरी बरोबर नाही.

मला स्वतःला सर्वांत अस्वस्थ करतो तो नायकाच्या हिंसेचा प्रश्न. या प्रकारातल्या कित्येक कथांत नायक नायिकेला उचलून नेतो, तिच्यावर पाळत ठेवतो, धमकावतो, आणि ते प्रेमाचे लक्षण म्हणून खपवले जाते. स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’मध्ये नायक नायिकेच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहतो. मराठीतल्या मोबाइलवरच्या मालिकांतही जबरदस्तीच्या लग्नापासून सुरू होणाऱ्या कथांचा सुकाळ आहे. येथे बचाव करू नये. बाणाईच्या कथेतही देव ओळख लपवतो आणि मेंढरे मारून होकार मिळवतो. आजच्या नजरेने तो सौदा सरळ नाही. पण लोकपरंपरेने एक गोष्ट केली आहे, जी आजच्या बहुतेक मालिका करीत नाहीत. तिने म्हाळसेला बोलू दिले. लग्न लागून कथा थांबत नाही. जेजुरीला आल्यावर पहिल्या बायकोचा राग, तिचे टोमणे, तिचा अपमान, सगळे तितक्याच ताकदीने गायले जाते, आणि देवाला दोघींच्या मधे उभे राहून ऐकून घ्यावे लागते. जेजुरीला जाताना बाणाईचे देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर लागते आणि म्हाळसा वर देवाजवळ असते. भांडणाचा निकाल असा दगडात उभा आहे. एका स्त्रीच्या स्वप्नाची किंमत दुसरी स्त्री मोजते, हे ज्या कथेला दिसते, ती कथा वाचणाऱ्याला आंधळे करीत नाही. आजच्या लेखिकांकडून मी हीच अपेक्षा ठेवीन.

उरतो तो बाजाराचा आक्षेप, आणि तो आजचा खरा आक्षेप आहे. २०१४ साली बंगळूरमध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’ या ऑनलाइन मंचाने भारतीय भाषांत, मराठीतही, क्रमशः कथांचे फार मोठे दालन उघडले. कोणीही लिहावे, कोणीही वाचावे. संपादकाच्या दारात उभे राहण्याची गरज नसल्याने पूर्वी कधीच छापून न आलेल्या गृहिणी, शिक्षिका, नोकरदार मुली तिथे शंभर-शंभर भागांच्या मालिका लिहू लागल्या. मराठी भाषेसाठी ही घटना मोठी आहे आणि तिची दखल घेण्यात आपण उशीर केला आहे. पण या दालनाची रचनाच अशी, की भाग ऐन मोक्याला तुटतो आणि पुढचा भाग कुलूपबंद दिसतो: उद्यापर्यंत थांबा, किंवा नाणी खर्चून आत्ता उघडा. कुणी म्हणेल, उत्कंठेवर थांबवणे ही तर कथेची जुनीच विद्या आहे; कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टींतली शहाजादी तेच करते, हरिभाऊंच्या कादंबऱ्याही ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्याने आल्या. खरे आहे. फरक शेवटाचा आहे. शहाजादीची गोष्ट एके दिवशी संपते. हरिभाऊंची कादंबरी संपते. जागरणात पहाटे वाघ्या लोखंडी साखळीचा लंगर तोडतो, आरती होते आणि माणसे उठतात. भागांच्या संख्येवर जिथे लेखिकेची कमाई आणि कंपनीचा हिशेब अवलंबून आहे, तिथे कथेला संपायची परवानगी नसते. मग नायिकेने एकदा केलेली निवड पुन्हा पुन्हा हिरावली जाते: स्मृती जाते, जुना वैरी येतो, सासू विष कालवते. ज्या निवडीसाठी वाचक आली, तीच निवड पुढचा भाग विकण्यासाठी तिच्यापासून दूर ठेवली जाते. माझा विरोध आहे तो याला. वेड लागण्याला नाही.

म्हणून मराठी समीक्षेने आणि ग्रंथालयांनी या मालिकांकडे पाठ फिरवणे मला घातक वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. त्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये तालुक्यातालुक्यांत आहेत. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासून चालत आलेली संस्थाही ओझरच्याच जिल्ह्यात आहे. मोबाइलवर गाजलेल्या, पूर्ण झालेल्या, संपादनाचा हात फिरलेल्या मराठी मालिका छापून या कपाटांत आल्या, तर लेखिकेला शेवट लिहिण्याचे कारण मिळेल. तिच्यावर परीक्षण लिहिणारा समीक्षक मिळाला, तर नायकाने नायिकेला कोंडले त्या प्रकरणाचा जाब तिला विचारला जाईल, आणि म्हाळसेच्या वाट्याला किती पाने आली, हेही मोजले जाईल. आजवर हे प्रश्न या लेखिकांना कोणी विचारलेच नाहीत, कारण विचारणाऱ्यांनी त्यांची पुस्तके उघडली नाहीत.